पावसाळा लागल्यापासून स्प्रे बूथ ओढत नाही, पंखा मोठा घ्यावा का?

साकीनाका_गाळा

तळमजल्यावरचा गाळा आहे, ३० बाय ४० फूट, उंची १४. लोखंडी कॅबिनेट आणि पॅनेलचं काम, बहुतेक टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळायचा पॉलीयुरेथेन रंग), मधूनमधून एनसी (नायट्रोसेल्युलोज). बूथ कोरडा. समोरून हवा आत येते आणि मागच्या भिंतीतल्या पॅडमधून बाहेर जाते. तोंड १० फूट रुंद, ७ फूट उंच. मागे २० बाय २० इंचाचे ग्लास फायबर पॅड, सहाच्या तीन ओळी.

ब्लोअर बूथच्या मागेच बसवलाय. सेंट्रिफ्युगल, बॅकवर्ड ब्लेड, प्लेटवर ७,२०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), ४० मिमी पाण्याचा स्टॅटिक दाब, ११७० आरपीएम. मोटर ५ एचपी फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारी), १४४० ची, पुली साडेसहा इंच आणि आठ इंच, बी सेक्शनचे दोन पट्टे. डक्ट २० इंच गोल, जीआय. दोन एल्बो आहेत, पुढे भिंतीवरून ४५ फूट वर गच्चीपर्यंत. मे महिन्यात मोटर रिवाइंड झाली. त्याच वेळी डक्टच्या तोंडावर छत्री बसवली, पाऊस आत येऊ नये म्हणून खाली घेतली, डक्टपासून अंतर ६ इंच.

आता पंख्यासमोर उभं राहूनही ओव्हरस्प्रेचं धुकं हलत नाही. ओल्या पॅनेलवर कोरडी पूड बसते, थिनरचा वास ऑफिसपर्यंत येतो. पॅडवरच्या गेजवर ३ मिमी दिसतं, म्हणजे पॅड चांगलेच म्हणायचे. ॲनिमोमीटरने तोंडावर नऊ ठिकाणी मोजलं, सरासरी मिनिटाला ५८ फूट. उजवीकडे ७५, डावीकडे ४० च्या आसपास. मोटरला ४.६ ॲम्पिअर. पाऊस आत येतो म्हणून शटर खाली असतं, फक्त माणसाचं दार वापरात आहे.

एका पार्टीने १०,००० सीएफएम आणि साडेसात एचपीचा ब्लोअर सुचवलाय. घ्यावा का?

डक्टिंगवाला

पैसे देऊ नका अजून. तुम्ही जे आकडे लिहिलेत त्यातच बरंच काही आहे.

आधी हवेचा हिशोब. तोंड ७० चौरस फूट, हाताने गन मारायच्या बूथला मिनिटाला १०० फूट वेग धरतात, म्हणजे ७,००० सीएफएम. तुमचा पंखा प्लेटप्रमाणे तेवढा देतो. मिळतंय ४,०६०. पंखा लहान नाही, त्याला काहीतरी अडवतंय किंवा तो पूर्ण वेगाने फिरत नाही.

गेजच्या ३ मिमीवर विसंबू नका. तो पॅडच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवतो, आणि हवाच कमी वाहत असेल तर तुंबलेला पॅडही कमी दाब दाखवतो. हे गेज हवा पुरेशी असतानाच खरं बोलतं. ७,००० सीएफएमला नव्या पॅडवर साधारण ५ मिमी यायला हवेत. ५८ फुटांना ३ मिमी म्हणजे पॅड फार वाईट नाहीत, पण नवेही नाहीत. नळी रंगाने बंद झालेली किंवा दुमडलेली नाही ना, तेही पाहा. पंखा बंद केल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे.

आता दोष कुठे आहे ते एका भोकाने कळतं. स्प्रे बंद, थिनरचे डबे बाहेर, वाफ जाईपर्यंत पंखा चालू, मग पंखा बंद करून ब्लोअरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाजवळच्या डक्टमध्ये हाताच्या ड्रिलने ३ मिमीचं भोक पाडा. बूथजवळ इलेक्ट्रिक ड्रिल नको. पारदर्शक नळीचा यू करा, त्यात रंगीत पाणी घाला, एक टोक भोकावर दाबून धरा. पंखा चालू करा आणि पाण्यातला फरक मोजा. तुमच्या मांडणीत ७,००० सीएफएमला तिथे ३० मिमीच्या आसपास ओढ पाहिजे: पॅडचे ५, बाकीचे हवा डक्टमध्ये शिरून वेग घेताना लागणारे. हवा कमी आणि ओढ जास्त असेल तर अडथळा त्या भोकाच्या अलीकडे, म्हणजे पॅड किंवा बूथमागची पोकळी. हवा कमी आणि ओढही कमी असेल तर पॅडना हात लावू नका. दोष पंख्यात किंवा पंख्याच्या पुढे आहे.

पुढचा माझा संशय छत्रीवर. २० इंची डक्टमध्ये ७,००० सीएफएमला वेग मिनिटाला ३,२०० फूट, व्हेलॉसिटी प्रेशर (हवेच्या वेगाचा दाब) १६ मिमी. छत्री डक्टच्या व्यासाइतकी उंच असेल तर तिचा खर्च त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. अर्ध्या व्यासावर आली की पाऊण हिश्श्याजवळ जातो. तुमची ६ इंचांवर आहे, अर्ध्या व्यासाच्याही खाली. एकटी छत्री पूर्ण व्हेलॉसिटी प्रेशरपेक्षा बरीच जास्त खाते, आणि पंखा आहे ४० मिमीचा. शिवाय छत्री रंगाची वाफ खाली वळवते आणि ती गच्चीवरून खिडक्यांत शिरते, तो भाग वेगळाच.

छत्री काढून तिथे बाही लावा. डक्टपेक्षा १ इंच जास्त व्यासाची, म्हणजे २१ इंची, चार व्यास लांब, साधारण ८० इंच, आणि खाली डक्टवर ६ इंच चढलेली. दोघांमधल्या फटीतून पाणी डक्टच्या बाहेरून ओघळून जातं. पंखा चालू असताना ३,२०० फुटांच्या झोतात थेंब खाली येत नाहीत. बंद असताना थोडं येईल, त्यासाठी खालच्या एल्बोच्या तळाला अर्धा इंची निचऱ्याचं भोक आणि ब्लोअरच्या केसिंगचा ड्रेन प्लग मोकळा ठेवा. बाही बाहेरून ब्रॅकेटने धरा, आतून आडवे तुकडे नकोत. वाऱ्याला तार ताण लावाच, मुंबईच्या पावसाळ्यात गच्चीवरचा सैल पत्रा कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

आणि शटर. तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, पण निम्मा दोष तिथे असू शकतो. बूथमधून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी गाळ्यात आत यायलाच हवी. गाळ्याचं आकारमान १६,८०० घनफूट, ७,००० च्या वेगाने सगळी हवा अडीच मिनिटांत बदलते. शटर बंद असेल तर ती फटींतून ओढावी लागते. चाचणी सोपी: शटर खाली असताना एकदा मोजा, चार फूट वर करून परत मोजा. आकडा वाढला तर उत्तर मिळालं.

तीन_फेज

मोटर रिवाइंड झाली आहे आणि दुसरं काही तपासण्याआधी फिरण्याची दिशा पाहिली नाही, हे बरोबर नाही. सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा तोंडातूनच ओढतो आणि बाहेरच फेकतो. फक्त निम्म्याच्या आसपास. त्यामुळे हवा येतेय म्हणजे दिशा बरोबर, असं होत नाही. अक्षीय पंखा उलटा झाला की हवा उलटी येते आणि लगेच कळतं, यात कळत नाही. ॲम्पिअर पाहूनही पकडता येत नाही. केसिंगवर बाण असतो. स्विच बंद करून पंखा थांबता थांबता पट्ट्याच्या बाजूने पाहा. बाण पुसला असेल तर नियम असा: पंख्याने केसिंगच्या गोगलगायीसारख्या वळणात हवा रुंदावत नेली पाहिजे, आणि बॅकवर्ड ब्लेडची टोकं फिरण्याच्या विरुद्ध बाजूला वळलेली असतात. उलटा असेल तर मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायर बदला.

दुसरं, जोडणी. प्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असेल आणि रिवाइंडवाल्याने टर्मिनलच्या जोडपट्ट्या स्टारमध्ये लावल्या असतील तर प्रत्येक वाइंडिंगला ५८ टक्के व्होल्टेज मिळतं आणि टॉर्क तिसरा हिस्सा उरतो. मोटर फिरते, पण भाराखाली आरपीएम पडतो आणि तापते. फ्लेमप्रूफ बॉक्स उघडल्यावर फ्लँजच्या तोंडावर ओरखडा येऊ देऊ नका, रंग किंवा एमसील तर अजिबात नाही, आणि सगळे बोल्ट परत लावा. एक बोल्ट कमी म्हणजे ती फ्लेमप्रूफ राहिली नाही.

तिसरं, टॅकोमीटरने मोटर आणि पंखा दोन्ही शाफ्ट वेगवेगळे मोजा. तुमच्या पुलीच्या प्रमाणात १४४० ला ११७० यायला हवे. मोटर १४४० जवळ आणि पंखा खाली असेल तर पट्टा घसरतोय. मोटरच खाली असेल तर जोडणी किंवा व्होल्टेज. दोन-तीन टक्के घसरण चालते.

पट्टा बसवताना दोन्ही एकदम बदला, एकाच लॉटचे. एक जुना एक नवा ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो. ताण: दोन पुलींमधल्या अंतराच्या दर मीटरला १६ मिमी झोल, म्हणजे अर्ध्या मीटरला ८ मिमी, मधोमध दाबून. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा तळाला टेकतोय आणि खाच झिजली आहे. नवा पट्टा घातलात तरी तो घसरणार, पुली बदला. पट्टा ॲन्टिस्टॅटिक आहे का तेही विचारून घ्या.

पेंटलाइन_भोसरी

डावीकडे ४० आणि उजवीकडे ७५ याकडे कोणी पाहिलं नाही. नऊ ठिकाणचे आकडे सरासरीच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत. एवढा फरक म्हणजे पेंटर फक्त फार घाण झालेले पॅड बदलतो. हवा नव्या पॅडमधून सोपी वाट काढते आणि जुन्यांसमोर धुकं तसंच. पॅड ओळीने नाही, सगळे अठरा एकदम बदला. ५० चौरस फूट पॅडला ७,००० सीएफएम म्हणजे मिनिटाला १४० फूट, हा वेग ठीक आहे.

बाजू पण पाहा. सैल विणीची बाजू पेंटरकडे, दाट बाजू पंख्याकडे. उलटा लावला की वरच्या थरातच रंग बसून पॅड एका दिवसात बंद होतो. फ्रेम आणि पॅडमध्ये बोटभर फट राहिली तर रंग थेट इम्पेलरवर जातो.

इम्पेलर उघडून पाहाच. ब्लेडवर दोन-तीन मिमी कवच बसलं तरी हवा कमी होते, आणि ते एका बाजूने सुटलं की पंखा थरथरतो. खरवडायला पितळी किंवा लाकडी पट्टी, लोखंडी नाही. आधी आयसोलेटरला (वीज तोडायच्या स्विचला) कुलूप लावून. तुमच्याकडे एनसी आहे म्हणून मुद्दाम सांगतो: एनसीचा सुका थर आणि पीयूचा थर एकत्र खरवडून पिशवीत भरू नका. एनसीची पूड स्वतःहून पेटू शकते. खरवडण्याआधी पाण्याने भिजवा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी गाळ्याबाहेर काढा. जुन्या पॅडचंही तेच.

पेंटरच्या पाठीमागे फर्राटा पंखा लावलेला असेल तर तो आजच बंद करा. उकाड्यात सगळेच लावतात. तो बूथच्या तोंडावर भोवरे तयार करतो आणि धुकं उलट बाहेर येतं.

ड्राइव्ह_लावा

एवढी खटपट कशाला? व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून ५० ऐवजी ५८ हर्ट्झवर पळवा, हवा वाढेल.

तीन_फेज

वाढेल, १६ टक्के. पॉवर मात्र वेगाच्या घनाने वाढते, १.१६ चा घन १.५६. आज मोटर ४.६ वर आहे म्हणून जागा दिसते. बॅकवर्ड ब्लेडला हवा कमी तर भार कमी, म्हणून करंट कमी. पाच एचपीला पूर्ण भाराचा करंट साधारण सात ते साडेसात. अडथळा काढलात की करंट आपोआप चढणार, आणि मग ५८ हर्ट्झवर मोटर ओव्हरलोडला जाईल. शिवाय फ्लेमप्रूफ मोटर ड्राइव्हवर चालवायची तर प्रमाणपत्रात तशी परवानगी असावी लागते, आणि इम्पेलरची कमाल आरपीएम बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते.

सेफ्टी_रबाळे

दुरुस्ती होईपर्यंत गन बंद ठेवा हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येण्याआधीच ते इजा करतं, त्यामुळे वास नाही म्हणजे हवा चांगली, हा हिशोब त्याला लागू नाही. एकदा त्याचा दमा जडला की पुढे अगदी थोड्याशा मात्रेनेही झटका येतो. साधा कार्बन मास्क भरवशाचा नाही, एअरलाइन मास्क द्या. त्याची हवा स्वच्छ जागेतून, बूथच्या कॉम्प्रेसरच्या तेलकट लाइनवरून नाही.

टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, म्हणून ती जमिनीवरून सरकते. थिनर मिक्सिंगचा टेबल, चार्जिंगचा बोर्ड, ऑफिसचं दार, सगळं त्याच पातळीवर असतं. कारखाने अधिनियम १९४८ (२०२५ पर्यंत लागू) च्या कलम १४ मध्ये धूळ-धूर उगमापाशीच ओढून घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा इन्स्पेक्टरसमोर ‘पंखा चालू होता’ एवढं पुरत नाही. पॅडच्या दोन बाजूंना डिफरन्शियल प्रेशर स्विच लावून त्यावर गनच्या हवेचा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) जोडा. पंखा बंद पडला की दाब शून्यावर येतो आणि गनच चालत नाही. फक्त पंख्याच्या कॉन्टॅक्टरवरून (मोटरला वीज देणाऱ्या स्विचवरून) इंटरलॉक घेऊ नका, पट्टा तुटला तर कॉन्टॅक्टर चालूच राहतो. स्विच शून्यच नाही तर कमी हवाही पकडेल असा सेट करा, आणि पॅड नवे असतानाच्या आकड्यावरून करा.

साकीनाका_गाळा

मोजून झालं. फिरण्याची दिशा बरोबर, जोडणी डेल्टा. मोटर १४३५, पंखा १०२०. पुलीची खाच तळाला चकचकीत.

शटर खाली असताना तोंडावर ५८, शटर चार फूट वर केल्यावर ६४. त्या वेळी ब्लोअरच्या तोंडाला १३ मिमी ओढ. शटर खाली असताना गाळा बाहेरच्यापेक्षा ५ मिमीने उणा, दार ओढताना जाणवतंच. छत्री काढून बाही लावली, ८२ आले. मोटरची पुली आणि दोन्ही पट्टे बदलले, पंखा ११४५ आणि तोंडावर ९२, मोटर ६.४ ॲम्पिअर. छत्री काढल्यापासूनचे हे आकडे शटर उघडं ठेवून. पॅड अजून जुनेच आहेत, नवे मागवलेत.

शटर उघडं ठेवलं की पाऊस आत येतो, खाली घेतलं की हवा पडते. याचं काय?

डक्टिंगवाला

१३ मिमी हे त्या ४,५०० सीएफएमला बरोबर बसतं, म्हणजे पॅडच्या बाजूला मोठा अडथळा नव्हता. पॅड बदलल्यावर शंभराच्या जवळ जाल.

शटर आता आधीपेक्षा जास्त नडेल. फटी तेवढ्याच आहेत आणि हवा वाढली आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४,०६० ला ५ मिमी लागत होते, तर ६,४४० ला त्याच फटींतून साडेबारा मिमी लागतील. १ मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो, दोन चौरस मीटरच्या दारावर पंचवीस किलो. तुमचा पंखा एवढं देऊ शकत नाही, हवाच पडेल. १०,००० चा ब्लोअर आणला असता तर हेच अजून वाईट, आणि २० इंची डक्टमध्ये विरोध दुप्पट.

भिंतीत लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची हवेची खिडकी) बसवा. पाऊस आत ओढला जाऊ नये म्हणून मोकळ्या जागेतला वेग मिनिटाला ५०० फुटांच्या आत हवा, म्हणजे १४ चौरस फूट मोकळी जागा. पावसाळी लूव्हरची मोकळी जागा साधारण निम्मीच असते, म्हणून बाहेरचं माप ५ बाय ६ फूट धरा. दोन भागांत केलं तरी चालेल. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा उत्तर किंवा पूर्व भिंत बरी. बूथच्या तोंडासमोरची भिंत सर्वात चांगली, कारण बाजूने आलेली हवा तोंडावर तिरकी जाते आणि एका कोपऱ्यात वेग पडतो. गच्चीवरच्या एक्झॉस्टच्या खाली नको, जनरेटरच्या धुराजवळ नको, रस्त्याकडे तर नकोच.

आत धुळीसाठी धुता येणारे पॅड लावा, पण मग वेग ३०० च्या खाली ठेवा. त्यासाठी पॅडचं क्षेत्रफळ २४ चौरस फूट लागतं, लूव्हरच्या मागे पेटी करून पॅड तिरके बसवा म्हणजे जागा मावते. कागदी पॅड पावसाळ्यात लगदा होतात, सिंथेटिक घ्या. लूव्हरच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार आणि पाणी निघायला खाच ठेवा.

दमट हवा आत येणार हे खरं. एनसीवर पांढरट झाक आली तर रिटार्डर थिनर वापरा, हवा कमी करून ती जात नाही.

पेंटलाइन_भोसरी

शटरबद्दल एक जोडतो. लूव्हर बसेपर्यंत शटर एक फूट वर ठेवून बाहेर ताडपत्रीचा आडोसा करा, पण आडोसा शटरपासून किमान दोन फूट लांब. चिकटवून लावलात तर शटर बंदच.

साकीनाका_गाळा

उत्तर भिंत कंपाउंडकडे आहे, तिथे ५ बाय ६ बसतं. पत्रेवाल्याला माप देतो. प्रेशर स्विच कोणत्या रेंजचा घ्यायचा?

सेफ्टी_रबाळे

० ते २५ मिमीचा घ्या, सेटिंग खाली २ मिमीपर्यंत जाणारा. नवे पॅड बसवल्यावर, लूव्हर उघडं आणि शटर बंद असताना तोंडावरचा वेग १०० जवळ आहे याची खात्री करा, गेजचा आकडा लिहून ठेवा. तो ५ आला तर कमी हवेचा कट-ऑफ ३ वर. पॅड बदलायचा आकडा वेगळा, १२ ते १५ मिमीच्या दरम्यान, पण तोंडावरचा वेग ८० खाली गेला तर गेज काहीही म्हणो, पॅड बदला. स्विच बूथच्या आत नको, नळी बाहेर आणून स्वच्छ बाजूला बसवा, आणि रंगाच्या बाजूची नळी महिन्यातून एकदा कॉम्प्रेस्ड हवेने फुंका, फुंकताना स्विचपासून सोडवून.